दुसऱ्या आठवड्यात काय बिघडतं?

ताई, नमस्कार. माझं वय ३३. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय आणि आठ वर्षं शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. राहायला फुलेवाडीत. घरात आई-बाबा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. माझा प्रॉब्लेम असा की माझं काहीच टिकत नाही. जानेवारीत पहाटे पाचला रंकाळ्यावर पळायला सुरुवात केली, दहाव्या दिवशी बंद. पाडव्याला राजारामपुरीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) प्रोग्रामिंगचा संध्याकाळचा क्लास लावला, फी पूर्ण भरली. दुसऱ्या आठवड्यात दांड्या सुरू झाल्या, महिन्याभरात तोही सुटला. मग इंग्रजी बोलायचं ॲप घेतलं, त्याचंही तेच. बाबा म्हणतात सरकारी भरतीचे फॉर्म भर, म्हणून त्याची पुस्तकंही आणून ठेवलीत. दर वेळी पहिले आठ दिवस अंगात नुसतं वारं असतं. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, सात, तीन, अकरा, त्यामुळे थकायला होतं हे खरं, पण माझ्याबरोबरचे लोक करतातच की. रात्री झोप लागेपर्यंत मोटिव्हेशनचे रील बघतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कामातही आता रस राहिला नाही. पूर्वी एखादा लॉट रिजेक्ट केला आणि वरून दबाव आला तर मी भांडायचो, आता गप्प बसतो. बाबा शाहू मिलला होते. ते म्हणतात, ‘आमच्यात जिद्द हुती, तुमच्यात न्हाई.’ परवा पळायचे नवीन बूट आणले तर बायको हसून म्हणाली, ‘आता काय नवीन?’ ती चिडली असती तर बरं झालं असतं. इच्छाशक्ती वाढवायचा काही उपाय असेल तर सांगा.
– एक धरसोड्या, कोल्हापूर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि लगेच त्याला ‘पण’ लावून मोकळे झालाय. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. बाकी सगळं पत्र इच्छाशक्तीवर आहे, आणि मला मात्र या एका वाक्याच्या पुढं जावंसंच वाटेना.

जरा हिशेब मांडू. पळायला सुरुवात केलीत तेव्हा फर्स्ट शिफ्टचा आठवडा असणार. सातच्या ड्यूटीला तसंही लवकर उठायचंच असतं, थोडं आणखी अलीकडं उठलं की रंकाळ्याला जाऊन येता येतं. पुढचा आठवडा सेकंडचा. अकराला सुटून शिरोलीहून फुलेवाडीत यायचं, म्हणजे सगळं गाव ओलांडून दुसऱ्या टोकाला. जेवायला बारा, मग रील, झोपायला एक. त्यावर पहाटे पाचचा गजर. दोन दिवस रेटलं असेल, तिसऱ्या दिवशी हात आपोआप गजरावर गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात तर पहाटे पाचला तुम्ही शॉपमध्ये हातात गेज घेऊन उभे होता! क्लासचीही तीच गत. संध्याकाळची बॅच आणि तीन ते अकरा ड्यूटी. त्या आठवड्यात तुम्ही तिथं पोचणार कसे होता, हे क्लासवाल्यानं फी घेताना विचारलं नाही आणि तुम्हीही स्वतःला विचारलं नाही.

तुमच्याच धंद्यातलं बोलते. पीसमागून पीस एकाच मापाला, एकाच जागी रिजेक्ट व्हायला लागला तर तुम्ही ऑपरेटरला ‘तुझ्यात जिद्द नाही’ म्हणता का? पीस धरून ठेवणारं फिक्स्चर बघता, टूल झिजलंय का बघता, सेटिंग हललंय का बघता. इथं पळणं, क्लास, ॲप अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच जागी, दुसऱ्या आठवड्यात, मोडल्यात. दुसऱ्या कुणाची अशी तक्रार तुमच्या टेबलावर आली असती तर दहा मिनिटांत कारण सांगितलं असतंत.

‘माझ्याबरोबरचे लोक करतातच की’ असं लिहिलंय. त्यातले किती जण तिन्ही शिफ्ट फिरतात आणि किती जनरलला, म्हणजे रोज दिवसाच्या एकाच ठरलेल्या शिफ्टला, आहेत, एवढं एकदा मोजा.

आता ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या म्हणण्याबद्दल. तुम्ही आकडा लिहिला नाहीत, पण ‘दहाव्या दिवशी बंद’ या शब्दांमागं तो उभा दिसतो, कारण रीलवाल्यांनी तो घरोघरी पोचवलाय. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला कमीत कमी एकवीस दिवस जातात. पुढं लोकांनी त्यातलं ‘कमीत कमी’ गाळलं, चेहराही गाळला आणि सवयीचा नियम करून टाकला. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलं, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांत आणि सवयीसवयीत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा येत नव्हता. म्हणजे अकराव्या दिवशी तुम्ही पुन्हा बूट घातले असते तर काही बिघडलं नसतं. बिघडलं ते ‘आपलं काही टिकत नाही’ हा निकाल दहाव्या दिवशी लावल्यामुळं. दुसरी गोष्ट अशी की त्या लोकांनी आपली नवी सवय घड्याळाला बांधली नव्हती, रोजच्या एखाद्या घटनेला बांधली होती. न्याहारी झाली की, जेवण झालं की, अशी.

हा दुसरा मुद्दा तुमच्यासाठी सोन्याचा आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. त्यांच्या १९९७ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तान्त लिहून पाठवायचा होता. काहींना आधीच ठरवायला लावलं की मी हा कुठं आणि कधी बसून लिहीन, बाकीच्यांना नुसतंच सांगितलं. सणासुदीच्या गडबडीत ठरवणाऱ्यांपैकी दहातल्या सात जणांनी वेळेत लिहिलं, न ठरवणाऱ्यांपैकी दहातल्या तिघांनीच. दोन्हीकडं इच्छा सारखीच होती.

तर तुमच्या तिन्ही शिफ्टमध्ये रोज न चुकता होणारी गोष्ट कोणती? मला सुचतो तो उठल्यावरचा पहिला चहा. फर्स्टला तो पहाटे होतो, सेकंडला सकाळी आठ-साडेआठला, नाइटला दुपारी तीनच्या पुढं. होतो मात्र रोज. ‘पहाटे पाचला पळेन’ याऐवजी ‘चहाचा कप ठेवला की बूट घालेन’ असं ठरवा. सकाळी नऊला रंकाळ्यावर ऊन असतं, पहाटेची हवा नसते, ओळखीचे चार लोक ‘काय हो, आज सुट्टी का?’ म्हणून विचारतात. विचारू देत. पहाटेच पळायचं असं कुणी सांगितलंय? पहाटेचं कौतुक रंकाळ्यावर जरा जास्तच आहे असं माझं मत आहे. पेन्शनर मंडळींना ते परवडतं.

आणि वाईट दिवसाचं माप आधीच ठरवून ठेवा. चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं पळा, हरकत नाही. पण नाइटवरून आलाय, पोरगी किरकिर करतीय, पाऊस आहे, अशा दिवशी बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलं तरी तो दिवस झाला असं धरायचं. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, कारण आजवर तुमच्याकडं दोनच खाती आहेत, पूर्ण आणि शून्य. शून्याच्या खात्यात एकदा पडलं की तिथून उठायला पुन्हा पाडवा किंवा नवं वर्ष लागतं.

कोल्हापूरकरांना अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट नवी नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी अतिश्रमानं त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो पूर्वीसारखा गोड, हलका राहिला नव्हता. जुना आवाज परत यायची वाट न बघता त्यांनी हाती उरलेल्या आवाजाला शोभेल अशी भारदस्त, लयीच्या अंगानं जाणारी गायकी घडवली. आज जयपूर घराणं म्हणून आपण जे ऐकतो ते तेच. (बघा, मीही रीलवाल्यांसारखीच गोष्ट सांगायला लागले. पण त्यांची गोष्ट ‘हरू नका’ म्हणून थांबते. मला त्यातला व्यवहार दाखवायचाय.) तुमच्या हाती जनरल शिफ्टचा दिवस नाही. फिरत्या शिफ्टचा आहे. बेत त्या दिवसाचा करा.

बाबांच्या जिद्दीबद्दल दोन शब्द. त्यांचा मान ठेवून बोलते. शाहू मिल १९०६ पासूनची, तिचा भोंगा गावभर ऐकू जायचा. बाबा उठत असतील त्यात त्यांची जिद्द होतीच, पण भोंगाही होता, आणि गल्लीतून सायकलवर बरोबर निघणारे चार जण होते. एक जण आला नाही तर दारात येऊन हाक मारणारे. तालमीतही तेच असतं. पहाटे आखाड्यात पैलवानाला आज मूड आहे का, असं कुणी विचारत नाही, कारण जोडीदार लंगोट कसून उभा असतो आणि वस्ताद बघत असतो. त्या पिढीला चिकाटीचा निम्मा भाग बाहेरून मिळत होता. तुमच्या वाट्याला मोबाइलचा गजर आलाय, तो तुमच्याच बोटानं बंद होतो. बाबांना हे एकदा शांतपणे विचारा, वाद घालायला नव्हे. ‘तुमच्या वेळी उठवायला कोण यायचं?’ ते तासभर बोलतील, आणि मला खात्री आहे, त्या तासात तुमच्याबद्दलची त्यांची भाषा थोडी बदलेल.

तुम्हीही असा एक माणूस शोधा. तुमच्याच रोटेशनमधला, फुलेवाडी-रंकाळा भागातला कुणी असेल तर उत्तम. एकच पुरे. स्टेटसवर टाकू नका. गोलविट्झर यांच्याच २००९ च्या अभ्यासात दिसलं की आपला मोठा बेत दुसऱ्यांनी ऐकून दखल घेतली की काहींच्या हातून पुढं त्यासाठी कष्ट कमीच होतात. लोकांनी ‘वा’ म्हटलं की तो माणूस आपण झालोच असं वाटायला लागतं. शंभर जणांच्या अंगठ्यापेक्षा ‘काल का आला नाहीस?’ विचारणारा एक बरा.

रीलचंही त्याच सुरात. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी वजन कमी करायला आलेल्या स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला होता, १९९१ मध्ये तो छापून आला. ‘मी बारीक झालेय, मैत्रिणी कौतुक करतायत’ अशी गुलाबी चित्रं ज्या सगळ्यात जास्त रंगवत होत्या, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. मनातल्या मनात पोचून झालं की पाय उचलायला जोर राहत नाही. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाइलवर तो होता, तुमच्याही असणार. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत नोकरी. रीलमध्ये काय दिसतं? शेवटचे शॉट, तिरंगा, आईचे डोळे. नेमबाज गोळी न झाडता, रिकाम्या रायफलीनं तासन्‌तास एकाच पोझिशनचा सराव करतात. त्याचं रील कोण बघेल? सेकंड शिफ्टच्या आठवड्यात हेच रील तुमची तासाभराची झोप खातात, म्हणून तरी ते बंद करा. मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा.

आता जरा कठोर बोलते. तुमच्याकडं चार ध्येयं आहेत आणि त्यातली सगळी तुमची नाहीत. पळणं तुमचं दिसतं. सीएनसी तुमचंच आहे, कारण आठ वर्षं दुसऱ्यानं बनवलेला पीस मोजल्यावर तो आपण बनवावा असं वाटणं साहजिक आहे. सरकारी भरती बाबांची आहे. खुल्या गटालाही बऱ्याच पदांना ३८ पर्यंत वय चालतं, म्हणून त्यांची आशा अजून शाबूत आहे, आणि मिल बंद पडताना ज्यांनी पाहिली त्यांना पक्की नोकरी देवासारखी वाटली तर नवल नाही. पण तुम्ही त्या पुस्तकांबद्दल ‘आणून ठेवलीत’ एवढंच लिहिलंय. इंग्रजी कशासाठी हवंय ते पत्रात कुठंच नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा मानसशास्त्रज्ञांचं आयुष्य माणसाला उमेद कुठून येते या विषयात गेलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की माणसाची उमेद तीन गोष्टींवर टिकते. काम आपण निवडलंय असं वाटणं, ते आपल्याला जमतंय असं दिसणं, आणि त्यात आपली माणसं असणं. दुसऱ्यानं निवडलेलं ध्येय पहिल्याच पायरीला लंगडं असतं.

म्हणून भरतीची पुस्तकं बाबांना सांगून कुणा गरजू पोराला देऊन टाका. कपाटात ठेवू नका. रोज कपाट उघडताना ती तुम्हाला नापास करतात. ॲप काढून टाका. पळणं आणि सीएनसी राहिले. त्यातलंही एक आधी. मला विचाराल तर तीन महिने फक्त पळणं, आणि तेही वजनासाठी नाही. फिरत्या शिफ्टमध्येही आपलं काहीतरी टिकतं, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची गरज आहे, म्हणून. बघायला एक वही ठेवा. तारीख, शिफ्ट, किती वेळ, बस. कामाच्या रोजच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास टेरेसा अमाबिले यांनी केला. २३८ लोकांच्या जवळजवळ १२ हजार नोंदी वाचल्या. लोकांचे चांगले दिवस कशानं चांगले झाले, याचं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं उत्तर बक्षीस किंवा शाबासकी नव्हतं. ज्या कामाला अर्थ आहे असं वाटतं ते काम थोडं पुढं सरकलं, एवढंच होतं. तुम्ही मात्र उलट्या बाजूनं निघालाय. आधी उमेद येईल, मग काम सरकेल, अशी वाट बघताय.

झोपेची मात्र हयगय नको. तुमची शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशी पुढं सरकत असेल तर उलट्या क्रमापेक्षा शरीराला ती बरी सोसते, एवढं एक बरं. नाइटनंतर घरी आल्यावर खोलीत पूर्ण अंधार करा, जाड पडदा लावा, मुलीला आजीकडं सोपवा आणि सात तास हिशेबानं मिळतील असं बघा. ड्यूटीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत चहा नको. झोप कमी पडलेल्या माणसाला मी पळायला सांगणार नाही, आधी झोपायला सांगेन.

पत्रातल्या ज्या वाक्यानं मला खरी काळजी वाटली ते अजून राहिलंय. ‘पूर्वी भांडायचो, आता गप्प बसतो.’ हे पळण्याच्या आणि क्लासच्या पंगतीत बसवू नका, हे वेगळं आहे. तुम्ही गप्प बसलात कारण तुमच्या ‘नाही’ला किंमत उरली नाही. डेसी-रायन यांच्या तीनपैकी तिन्ही गोष्टी तिथं एकदम गेल्या. निर्णय तुमचा राहिला नाही, तुमचं कसब दिसेनासं झालं, आणि वरचा माणूस तुमच्या बाजूला नाही. अशा जागी आठ तास उभं राहून घरी आल्यावर पुन्हा स्वतःला सुधारायचा उत्साह आणायचा कुठून?

कितीही वैताग आला तरी एक गोष्ट सोडू नका. जे माप मोजलं तेच रिपोर्टवर लिहायचं. लॉट पुढं सोडायचा असेल तर ज्यानं निर्णय घेतला त्यानं सही करावी. तुमच्या शॉपमधून जाणारा पीस कुणाच्या ब्रेकला किंवा स्टिअरिंगला लागत असेल तर हा विषय तुमच्या मूडचा राहत नाही. खोटं माप एकदा आपल्या अक्षरात लिहिलं की कामातला उरलासुरला रसही जातो, हे मी अशी नोकरी करणाऱ्यांकडून वारंवार ऐकलंय.

भांडण मात्र पुन्हा सुरू करू नका. त्याऐवजी एक दोष निवडा. समजा ब्लो होल, म्हणजे ओतीव भागात (कास्टिंगमध्ये) राहिलेली हवेची पोकळी. महिनाभर नोंद ठेवा की ते कोणत्या पार्टला, कोणत्या लॉटला, कोणत्या फौंड्रीच्या कास्टिंगमध्ये, किती मशिनिंग झाल्यावर सापडले. मशिनिंग पुरं झाल्यावर पीस फेकावा लागला तर कास्टिंगचे पैसे गेले आणि मशीनचा वेळही गेला. तो हिशेब रुपयांत मांडा आणि मीटिंगमध्ये एका कागदावर ठेवा. शिफ्ट इनचार्जला आवाज चढवून सांगितलेलं आठवत नाही, मालकाला रुपयांचा आकडा आठवतो. उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत या जिल्ह्याचा धंदा कास्टिंग आणि मशिनिंगवर उभा आहे, आणि दोष कुठून येतो हे सांगू शकणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. तरीही कुणी ऐकलं नाही, तर तुम्हाला कळेल की अडचण तुमच्या उमेदीत नव्हती, जागेत होती. आणि मग सीएनसी शिकण्याला एक वेगळंच कारण मिळेल. महिनाभराची ती नोंद दुसरीकडच्या मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

बायकोच्या हसण्याचा तुम्ही फार विचार केलाय. तिनं ‘आता काय नवीन?’ म्हटलं. तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं, मला त्यात थोडं कौतुक आणि थोडी भीतीही ऐकू येते, की पुन्हा हा दहा दिवसांनी उदास होऊन बसेल. तिला वचन देऊ नका. तुमच्या शिफ्टचं महिन्याचं कोष्टक तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, कोणत्या आठवड्यात मी घरात काय करू शकतो. चार वर्षांच्या पोरीला सांभाळून, सासू-सासऱ्यांचं बघून, तुमच्या तीन वेगवेगळ्या वेळांना गरम जेवण वाढणारी बाई तीच आहे. तुमच्या घरात खरी तीन शिफ्ट तीच करते. तिला स्वतःसाठी काय करायचंय, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

आणि एक तपासणी करून घ्या. नुसता थकवा, कशात मन न लागणं याच्या मागं कधी थायरॉइड असतो, कधी बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असतं. साध्या रक्ततपासणीत कळतं. पण आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही, भूक किंवा झोप बिघडली, आपण कुचकामी आहोत असं दिवसाचा बराच वेळ वाटतं, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, असं असेल तर तो धरसोडपणा नाही, त्याला डॉक्टर लागतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो, मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं कधी वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या सुट्टीची वाट बघायची नाही.

राहिली क्लासची बुडालेली फी. तीन महिन्यांनी पळणं बसलं असेल तर राजारामपुरीत जाऊन मालकाला सरळ विचारा की उरलेले तास शिफ्टप्रमाणे सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचमध्ये वाटून मिळतील का. बरेच जण तयार होतात, कारण निम्मे विद्यार्थी एमआयडीसीतलेच असतात. नाही म्हणाला तर ते पैसे गेले असं समजा आणि त्यांच्या पायी गैरसोयीच्या बॅचला पुन्हा जाऊ नका. दुसरीकडं लावताना आधी शिफ्टचं कोष्टक दाखवा, एक महिन्याचीच फी भरा, आणि तोवर रोज शॉपमधल्या एका ड्रॉइंगवर फेसिंग-टर्निंग या लेथवरच्या साध्या कामांचा छोटा प्रोग्रॅम वहीत लिहून बघा. ड्रॉइंग वाचता येणं हा या शिक्षणाचा निम्मा भाग आहे, आणि तो तुम्ही आठ वर्षांपूर्वीच पार केलाय.